क्रूझचा गोव्यातला एक दिवस: आधी स्नॉर्केलिंग, मग फेणी (मराठवाड्यातून पहिल्यांदा निघालेल्यांसाठी)

मुंबईहून सुटलेलं क्रूझ जहाज गोव्यात मुरगाव बंदराला लागतं आणि प्रवाशांना काही तास मोकळे मिळतात. त्या तासांत मास्क आणि नळी लावून समुद्रात तोंड बुडवून मासे बघायचे (हेच स्नॉर्केलिंग) आणि गोव्याची फेणी नीट चाखायची, असा बेत आपल्याकडचे बरेच जण करतात. जालना, परभणी, लातूर, नांदेड, बीडकडच्या ओळखीच्या लोकांना मी हा बेत आखून देतो, तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. टॅक्सी कुठं मिळेल, पोहता येत नाही तर चालेल का, बाटली घरी आणता येईल का. त्यांची उत्तरं इथं क्रमानं लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: पाणी सकाळी, दारू दुपारी. हा क्रम कुणाच्याही आग्रहाखातर उलटा करायचा नाही.

१. जहाजाचे तास आधी मोजा

तिकिटावर गोव्यात पोचायची आणि निघायची वेळ असते. या दोन वेळांमधला सगळा वेळ आपला नसतो. जहाज धक्क्याला लागल्यावर उतरायची परवानगी मिळेपर्यंत बराच वेळ जातो. परत चढायची शेवटची वेळही सुटायच्या वेळेच्या तास-दीड तास आधीची असते. तिला ‘ऑल अबोर्ड’ म्हणतात आणि ती जहाजावर रोजच्या पत्रकात छापलेली असते. त्या पत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

हिशेब शेवटाकडून मागं करत या. समजा सकाळी सातला जहाज लागलं आणि ऑल अबोर्ड पाचची आहे. मग दिवस साधारण असा बसतो:

- आठ, साडेआठ: जहाजातून उतरून बंदराच्या गेटबाहेर
- सव्वानऊ ते साडेअकरा: बोट आणि स्नॉर्केलिंग
- बारा ते सव्वा: गोड्या पाण्याची अंघोळ, कोरडे कपडे, पोटभर जेवण
- पावणेदोन ते तीन: फेणी
- पावणेचार: परत बंदराच्या गेटवर

चार ते पाच हा तास मोकळा ठेवायचा. तो टॅक्सीच्या, वाहतुकीच्या आणि गेटवरच्या रांगेच्या नावावर आहे. ‘अजून एक बीच होतोय की’ म्हणून त्याला हात लावू नका.

जहाज दुपारीच लागणार असेल किंवा हाती सात तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर दोन्हींतलं एकच निवडा. दुपारी किनाऱ्यावर वारा वाढतो, पाण्यावर लाटा येतात, गाळ उठतो आणि खालचं काही दिसत नाही. अशा वेळी स्नॉर्केलिंग सोडून फक्त फेणीचा बेत ठेवणं बरं.

२. महिना बघून तिकीट काढा

स्नॉर्केलिंगला नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, समुद्र खवळलेला असतो आणि या बोटी बंद असतात. फेणी ज्यापासून बनते त्या काजूच्या फळांचा हंगाम मात्र मार्च ते मेचा. त्याच दिवसांत भट्ट्या पेटलेल्या असतात आणि ताजा उराक, म्हणजे फेणीच्या आधी निघणारी हलकी दारू, मिळतो. म्हणजे पाणी हिवाळ्यात नितळ आणि भट्टी उन्हाळ्यात गरम. दोन्हींचा थोडाथोडा लाभ हवा असेल तर मार्चची पहिली सहल धरा. पाण्याचीच ओढ असेल तर डिसेंबर-जानेवारी. बाटलीतली फेणी वर्षभर मिळतेच.

पाण्याबद्दल खरं सांगायचं तर गोव्याचा समुद्र अंदमान-लक्षद्वीपसारखा काचेगत नाही. नद्यांचा गाळ येऊन मिळतो, त्यामुळं चांगल्या दिवशीही काही मीटरपर्यंतच दिसतं. तरी खडकांजवळ पट्ट्यापट्ट्यांचे मासे घोळक्यानं दिसतात आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला तेवढ्यानंही आनंद होतो.

३. मुंबईपर्यंत कसं पोचायचं

जहाज मुंबईत बॅलार्ड पिअर, इंदिरा डॉकच्या बाजूनं सुटतं. सीएसएमटी स्टेशनपासून टॅक्सीनं जवळ आहे. देवगिरी एक्स्प्रेस किंवा लातूर-मुंबई एक्स्प्रेसनं रात्री बसलात तर सकाळी सीएसएमटीला उतरता. जहाजात चढायची वेळ बहुधा दुपारची असते, म्हणून हे जुळतं. पण गाडी रखडली तर जहाज थांबत नाही. सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर एक दिवस आधी मुंबई गाठा. त्याच दिवशी सकाळी घरून निघणाऱ्या गाडीच्या भरवशावर राहू नका.

४. कागदपत्रं

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र: आधार, मतदार कार्ड किंवा पासपोर्ट. मोबाइलमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका.
- लहान मुलांचं आधार किंवा जन्मदाखला
- वेब चेक-इन केल्याचा छापील बोर्डिंग पास
- गरोदर बाई सोबत असेल तर कंपनीचा नियम तिकिटाआधी विचारा; ठरावीक आठवड्यांनंतर चढू देत नाहीत
- रोजच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह

गोव्यात उतरताना जहाजाचं कार्ड आणि ओळखपत्र दोन्ही जवळ ठेवा. मुरगाव हे केंद्र सरकारचं मोठं बंदर आहे. गेटवर तपासणी असते आणि ही दोन्ही दाखवल्याशिवाय परत आत सोडत नाहीत. बंदराच्या आत फोटो काढत उभं राहू नका, सुरक्षा रक्षक लगेच हटकतात. जहाजातलं शिजवलेलं अन्न बाहेर नेऊ देत नाहीत. घरून नेलेला पुडीबंद खाऊ, पाण्याची बाटली चालते.

५. बोट कुठून घ्यायची

गोव्यात स्नॉर्केलिंगच्या बहुतेक बोटी ग्रँड आयलंडकडं जातात. इंटरनेटवर दिसणाऱ्या जाहिरातींतल्या बऱ्याच बोटी पणजीजवळच्या मालिम जेटीवरून किंवा उत्तर गोव्यातून सुटतात. तुम्ही उतरता मुरगावला, म्हणजे वास्को शहराच्या अंगाला. तिथून पणजी तीसेक किलोमीटर. तिकडं जायचं, मग बोटीनं पुन्हा दक्षिणेकडं त्याच बेटाकडं यायचं, यात अर्धा दिवस जातो. ग्रँड आयलंड वास्कोच्याच बाजूला आहे. बायणा किंवा बोगमाळो किनाऱ्यावरून निघालात तर बोटीचा प्रवास बराच कमी होतो. नकाशा उघडून हे एकदा बघा, म्हणजे लगेच पटेल.

बुकिंग करताना चार प्रश्न विचारा. बोट आणि धंदा नोंदणीकृत आहे का? एका गाइडमागं किती जण पाण्यात उतरतात? प्रत्यक्ष पाण्यात किती मिनिटं? जहाजाचा बंदरातला थांबा रद्द झाला तर पैसे परत का? हवामान बिघडलं तर जहाज गोवा टाळूनही जाऊ शकतं, म्हणून शेवटचा प्रश्न सोडू नका.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून बरेच जण चकित होतात. दिवसभराच्या पॅकेजमध्ये डॉल्फिन, मासेमारी, नाश्ता, जेवण सगळं असतं आणि स्नॉर्केलिंग जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. जहाजावरून आलेल्या माणसानं असं पॅकेज घेऊ नये. फक्त स्नॉर्केलिंगची छोटी फेरी मागावी. शिवाय अनेक पॅकेजमध्ये बोटीवर बिअर फुकट असते आणि ती पाण्यात उतरायच्या आधीच हातात देतात. ती घेऊ नका. सोबतच्या कुणी घेतली असेल तर त्याला पाण्यात उतरू देऊ नका, मग तो मेव्हणा असो की साहेब. दारूनं दम लवकर लागतो, थंडी कळत नाही आणि घाबरल्यावर डोकं चालत नाही.

जहाजाची कंपनीही अशा सहली विकते. त्या महाग असतात, पण त्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा वाट बघतं. स्वतःच्या टॅक्सीनं गेलेल्यासाठी थांबत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं पाण्याची सहल जहाजाकडून घ्यावी आणि फेणीचा भाग स्वतः करावा, असं माझं मत आहे.

६. घरी करायची तयारी

आपल्याकडं पोहायला शिकलेला माणूस बहुतेक विहिरीत शिकलेला असतो, कमरेला डबा बांधून. त्याला दम असतो, भीती नसते, पण समुद्राची ओढ त्यानं पाहिलेली नसते. विहिरीत कधीही कडेला हात लागतो. इथं हात लावायला फक्त बोट असते आणि ती हलत असते. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यानंही लाइफ जॅकेट काढायचं नाही. पोहता येत नसलेल्यानं मागं राहायचं कारण नाही: जॅकेट घालून, रिंग धरून, गाइडसोबत पाण्यावर पालथं पडायचं असतं, एवढंच. दमा, हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका.

खरी अडचण तोंडानं श्वास घेण्याची असते. नाक मास्कमध्ये बंद असतं आणि पहिल्या मिनिटात जीव घाबरा होतो. यावर घरीच उपाय करा. एक मास्क आणि नळी विकत आणा. संध्याकाळी ते लावून दहा मिनिटं खुर्चीत बसा आणि तोंडानं सावकाश, लांब श्वास घ्या. दोन-तीन दिवसांनी मोठ्या बादलीत तोंड बुडवून तेच करा. मग नळीत थोडं पाणी जाऊ द्या आणि जोरात ‘थू’ केल्यासारखी फुंकर मारून ते उडवा. ही फुंकर जमली की निम्मी भीती गेली.

मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांचा मास्क इथंच हरतो. ओठावरच्या केसांतून पाणी झिरपतं आणि दर मिनिटाला मास्क रिकामा करावा लागतो. मिशी काढायची तयारी नसेल तर नाकाखालच्या केसांना व्हॅसलीनचा जाड हात द्या, पाणी बरंच थांबतं. चष्मा मास्कमध्ये बसत नाही. नंबर मोठा असेल तर नंबरचा मास्क आहे का, हे बोटवाल्याला आधी विचारून ठेवा.

७. पाण्यात उतरताना

कपडे: पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग किंवा अंगासरशी पँट. पालथं पडल्यावर सगळं ऊन पाठीवर आणि पोटऱ्यांवर येतं, पाण्याच्या गारव्यात ते कळत नाही आणि रात्री पाठ टेकवत नाही. ओढणी आणि साडी पाण्यात घातक, कारण ती पायात किंवा बोटीच्या पंख्यात अडकते. मंगळसूत्र, अंगठ्या जहाजावरच्या तिजोरीत ठेवा. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी गळून गेली ते कळतही नाही.

बोट लागत असेल तर उलटीची गोळी निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावी लागते. पण लक्षात ठेवा, अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते आणि त्यावर दारू घेतली की गुंगी कितीतरी वाढते. गोळी घेतलेल्यानं त्या दिवशी फेणीचा नुसता वास घ्यावा, घोट नको. हा सापळा फार कुणी सांगत नाही, म्हणून आवर्जून लिहितोय. आलेपाक चघळून काहींना बरं वाटतं. तुमचं भागत असेल तर तेच करा.

पाण्यात घाईनं हातपाय मारू नका. पहिली दोन मिनिटं बोटीची दोरी धरून तोंड पाण्यात ठेवा आणि श्वास लयीत येऊ द्या. घाबरल्यासारखं झालं तर उताणे व्हा, नळी काढा आणि हात वर करा. एकट्यानं लांब जायचं नाही, जोडीदार सतत नजरेत हवा. खडकावर उभं राहू नका. तिथं समुद्रसाळूचे (गोल, काटेरी समुद्री प्राण्याचे) काटे असतात आणि धारदार शिंपले पाय कापतात. प्रवाळाला हात लावू नका, तुकडा उचलून खिशात तर मुळीच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत.

८. मधला तास

खारं पाणी अंगावर तसंच वाळलं तर खाज सुटते, म्हणून गोड्या पाण्यानं अंघोळ करा. मग जेवा. मासे खाणाऱ्यांनी फिश थाळी आणि सोलकढी मागवावी. माळकरी मंडळींनी काळजी करू नये, वास्को शहरात शाकाहारी उडुपी हॉटेलं आहेत. दोन ग्लास साधं पाणीही प्या. समुद्रात पोहून अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि तशा अंगावर दारू लवकर चढते. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर रिकाम्या पोटी एक घोटही घेऊ नये, साखर एकदम उतरू शकते.

९. फेणी चाखणं

जेवण झालं, आता घाई नाही. आपल्याकडं ‘भट्टीची’ म्हटलं की हातभट्टी आठवते आणि लोक दचकतात. किनवट-माहूरकडं ज्यांनी मोहाची चाखलीय त्यांना फेणीचा वास पहिल्यांदा येईल तेव्हा ती आठवेल. फुलाऐवजी पिकून गळालेल्या काजूच्या फळाचा, म्हणजे बोंडाचा, उग्र, गोडसर वास, एवढाच फरक. काजूचं झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलं. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला राज्याचं वारसा पेय म्हणून मान्यता दिली.

बनवायची रीत मार्च ते मेमध्ये गेलात तर डोळ्यांनी बघा. झाडावरून तोडलेलं बोंड चालत नाही, आपोआप गळालेलं पिकलेलं बोंड वेचतात. बी काढून बोंडं दगडी कुंडीत तुडवतात, तिला कोळंबी म्हणतात. तुडवलेल्या चोथ्यातून आपसूक निथळणारा नितळ रस म्हणजे नीरो. तो आंबवलेला नसतो, म्हणून न पिणाऱ्यांनी आणि पोरांनी ताजा प्यावा, फार गोड लागतो. उरलेला रस काही दिवस आंबतो आणि भट्टीवर चढतो. पहिल्या धारेला उराक निघतो, साधारण १५ टक्के अल्कोहोलचा. उराक आणि आंबलेला रस पुन्हा भट्टीवर घातला की फेणी, साधारण ४२ टक्क्यांची. नारळाची फेणी वेगळी. ती माडीपासून बनते, दक्षिण गोव्यात जास्त मिळते आणि वासाला सौम्य असते. अनंतमुळाची मुळं घालून केलेल्या फेणीला दुकशिरी म्हणतात. मिळाली तर जरूर चाखा.

चाखायची पद्धत सोपी आहे. दोन थेंब तळहातावर चोळा आणि वास घ्या. आधी झणका येईल, तो उडाला की खालचा फळाचा वास वर येतो. मग तीस मिलीपेक्षा कमी एका लहान ग्लासात घ्या, घोट जिभेवर थांबवा आणि गिळल्यावर नाकानं श्वास सोडा. मध्ये पाणी प्या. क्रम हलक्याकडून जडाकडं ठेवा: उराक, मग नारळाची, मग काजूची, शेवटी दुकशिरी. एकदम घशात ओतायची ही चीज नाही. उराक तर लिंबाच्या सोड्यासोबत, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालूनच गोवेकर पितात आणि आपल्या जिभेलाही ती मिरची लगेच पटते.

जागा निवडताना बंदराचं अंतर बघा. कांदोळीचं मद्य संग्रहालय छान आहे, पण ते उत्तर गोव्यात आहे. क्रूझच्या दिवशी तिकडं निघालात तर परतताना घड्याळाकडं बघत बसाल. वास्कोच्या दक्षिणेला कांसावलीच्या बाजूला फेणी बनवणाऱ्यांकडं चाखण्याची सोय आहे. आधी फोन करून वेळ ठरवून जा. तेही जमलं नाही तर वास्कोतलं एखादं परवानाधारक साधं बार पुरतं. लेबल नसलेली, प्लॅस्टिकच्या बाटलीतली ‘घरची’ कितीही प्रेमानं दिली तरी पिऊ नका. आत काय आहे हे चवीवरून कळत नाही.

गोव्यात दारू प्यायचं कायदेशीर वय २१ आहे. किनाऱ्यावर उघड्यावर पिणं २०१९ पासून बंद आहे, पकडलं तर दंड होतो. स्कूटर भाड्यानं घेण्याचा विचार या दिवशी डोक्यातून काढा.

१०. टॅक्सी

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवामाइल्स हे अ‍ॅप आहे, पण बंदराच्या गेटवर स्थानिक टॅक्सीवालेच भेटतात. एकेक फेरी ठरवण्यापेक्षा दिवसभराची एकच गाडी ठरवा: किनारा, जेवण, फेणी, परत बंदर. भाडं, थांबायचे तास आणि पार्किंग सगळं बोलून घ्या, गाडीचा नंबर आणि चालकाचा मोबाइल लिहून घ्या. चालकाला ऑल अबोर्डची वेळ अर्धा तास अलीकडची सांगा. त्यांना सहसा मराठी कळतं, ‘दादा’ म्हणून मोकळेपणानं बोललात तर कामं सोपी होतात. थोडी रोकड जवळ ठेवा. फोन पाण्यात नेऊ नका, बाहेर थांबलेल्या माणसाकडं द्या.

११. बाटली घरी आणायची का?

नाही. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून दोन बाटल्या पिशवीत घालण्याचा मोह होतो. जहाजात चढताना स्कॅनरमध्ये बाटली दिसते आणि ती काढून घेऊन सहलीच्या शेवटी परत देतात. म्हणजे ती तुमच्या हातात पडते मुंबईत, महाराष्ट्रात. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय गोव्याची दारू इथं आणणं गुन्हा आहे. दुकानदार गोव्याचा परवाना करून देतो म्हणेल, पण तो परवाना गोव्यातून बाहेर नेण्याचा असतो, महाराष्ट्रात आणण्याचा नव्हे. त्याऐवजी काजूगर, आमसुलं आणि कोकमाचं आगळ आणा. आगळाची बाटली चढताना वेगळी हातात ठेवून दाखवा, म्हणजे पिशवी उपसावी लागत नाही.